पहिला पेपर ओपन ॲक्सेस जर्नलला पाठवताना: कोकणातल्या नव्या संशोधकांसाठी

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या कॉलेजांत पीएच.डी. करणारी किंवा नुकतीच शिकवायला लागलेली बरीच मुलं-मुली मला एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, काम झालंय, पेपरही लिहून झालाय. आता तो पाठवायचा कुठे आणि कसा?" मी प्राणिशास्त्र शिकवते, खाडीतल्या शिंपल्यांवर काम करते, आणि लेखक म्हणून व रिव्ह्यूअर (जर्नलसाठी इतरांचे पेपर तपासणारी) म्हणून या प्रक्रियेच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. माझं उत्तर ठरलेलं असतं. पेपर लिहून झाल्यावर जर्नल शोधू नका. आधी जर्नल ठरवा, त्याचं धोरण वाचा, आणि मग लिहायला बसा. बहुतेक मनस्ताप हा क्रम उलटा झाल्यामुळे होतो.

ओपन ॲक्सेस म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात ही कल्पना स्पष्टपणे मांडली गेली. पेपर कोणालाही फुकट वाचता यावा, उतरवून घेता यावा, छापून वाटता यावा, फक्त लेखकाचं श्रेय राखलं जावं. आपल्या किनाऱ्यावरचं बरंचसं काम माणसांच्या पोटाशी जोडलेलं आहे. तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, बांगडा, हापूसवरचा तुडतुडा, खाजणातली शेती. २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना मोठ्या प्रकाशकांची जर्नल्स वाचता येतात, पण लांज्याचा बागायतदार किंवा मिरकरवाड्याच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव त्या योजनेत नाही. ज्यांच्या बागेतून, ज्यांच्या होडीतून आपण आकडे गोळा केले, त्यांना तो पेपर उघडता आला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

१. धोरणाचं पान शोधा आणि टिपणं काढा

जर्नलच्या साइटवर 'अबाउट', 'एडिटोरियल पॉलिसीज', 'फॉर ऑथर्स' अशी पानं असतात. ती सगळी वाचा आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून काढा:

- कोणत्या विषयांवरचे आणि कोणत्या प्रकारचे पेपर घेतात?
- रिव्ह्यू कसा होतो? रिव्ह्यूअरला लेखकाचं नाव दिसतं की नाही?
- फी आहे का? असेल तर किती, आणि ती कधी मागतात?
- लायसन्स कोणतं? कॉपीराइट लेखकाकडे राहतो की प्रकाशकाकडे जातो?
- मूळ आकडेवारी जाहीर करावी लागते का? प्रीप्रिंट, म्हणजे रिव्ह्यूआधीच पेपर ऑनलाइन ठेवणं, चालतं का?
- चूक सापडली तर दुरुस्ती, पेपर मागे घेणं, तक्रार यांचे नियम काय?
- जर्नल उद्या बंद पडलं तर जुने अंक कुठे जपले जातील?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर धोरणापेक्षा अनुक्रमणिकेत जास्त चांगलं कळतं. गेल्या दोन-तीन अंकांतली शीर्षकं वाचा. एखाद्या सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) वनस्पतींची नुसती यादी बरीच जर्नल्स घेत नाहीत. कोइम्बतूरहून निघणारं 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा' मात्र जैवविविधतेच्या नोंदींना जागा देतं. मासेमारीवरचं काम असेल तर कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडून निघणारं 'इंडियन जर्नल ऑफ फिशरीज' पाहा. बेंगळुरूचं 'करंट सायन्स' १९३२ पासून चालू आहे आणि ऑनलाइन मोफत वाचता येतं. पण तिथे सर्व शास्त्रांचे वाचक असतात, त्यामुळे आपला विषय बाहेरच्याला का महत्त्वाचा वाटावा हे पहिल्याच परिच्छेदात सांगावं लागतं.

२. जर्नल खरं आहे का, ते तपासा

इथे घाई करू नका. फसवणूक सर्वांत जास्त याच टप्प्यावर होते.

पीएच.डी.ला नाव नोंदवलं, एखाद्या परिषदेत पोस्टर लावलं, की ईमेल सुरू होतात. "आदरणीय डॉक्टर, आपल्या थोर संशोधनाने आम्ही भारावून गेलो आहोत. चार दिवसांत पेपर पाठवा, आठवड्यात प्रसिद्धीची हमी." तुम्ही अजून डॉक्टर नसता, आणि ज्या संशोधनाची स्तुती केलेली असते त्याचा त्यांच्या विषयाशी संबंधही नसतो. शिंपल्यांवर काम करणाऱ्याला दंतवैद्यकाच्या जर्नलचं आमंत्रण येतं. आठवड्यात प्रसिद्धी म्हणजे रिव्ह्यू झालेलाच नाही, एवढं लक्षात ठेवा.

माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी अशा ठिकाणी पैसे भरले. पेपर छापून आला, पण काही काळाने ती साइटच बंद पडली. पैसे गेलेच, आणि तोच पेपर दुसरीकडे देताही येईना, कारण तो 'आधी प्रसिद्ध झालेला' ठरला. चांगलं काम कायमचं अडकून पडलं. म्हणून एवढं तपासाच:

ओपन ॲक्सेस जर्नल्सची 'डीओएजे' ही निर्देशिका २००३ पासून चालते. जर्नल तिथे शोधा, आणि जर्नलच्या साइटवरचा शिक्का पुरावा न मानता थेट निर्देशिकेत जाऊन नाव आणि आयएसएसएन जुळवा. प्रकाशन नीतीसाठी काम करणाऱ्या 'कोप' संस्थेचं सदस्यत्वही असंच तिच्या साइटवर तपासता येतं.

आयएसएसएन हा आठ अंकी ओळख क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नाही. तो मिळाला म्हणजे जर्नल चांगलं, हा आपल्याकडे फार पसरलेला गैरसमज आहे. 'इम्पॅक्ट फॅक्टर', म्हणजे जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती वेळा संदर्भ म्हणून घेतलं जातं याचा आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. त्याच्याशी मिळतीजुळती नावं लावून आकडे विकणाऱ्या संस्था आहेत, त्यांना भुलू नका.

संपादक मंडळातली दोन-तीन नावं निवडा आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का ते पाहा. मग जर्नलमधल्या एखाद्या जुन्या पेपरचा डीओआय, म्हणजे ऑनलाइन पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, शोधा. तो उघडतच नसेल तर तिथूनच परत फिरा.

काही वेळा खऱ्या जर्नलची हुबेहूब नकली साइट केलेली असते. नाव खरं, आयएसएसएन खरा, पण पैसे भलत्याच खात्यात जातात. ईमेलमधल्या दुव्यावरून साइटवर कधीही जाऊ नका. निर्देशिकेत दिलेल्या पत्त्यावरूनच जा.

आणखी एक. 'यूजीसी केअर यादीत आहे का?' हा प्रश्न अजून स्टाफरूममध्ये विचारला जातो. यूजीसीने मान्य केलेल्या जर्नल्सची ती यादी बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. आता जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थेवर आणि तुमच्यावर आहे. 'केअर लिस्टेड' अशी जाहिरात आजही करणारं जर्नल दिसलं तर जास्तच सावध व्हा. तुमच्या विद्यापीठाने प्रबंधासाठी किंवा बढतीसाठी कोणते निकष ठेवले आहेत, ते पीएच.डी. विभागाकडून लेखी मागून घ्या.

३. पैशांचं आधी विचारा

ओपन ॲक्सेस म्हणजे वाचकाला फुकट. लेखकाला फुकट असेलच असं नाही. काही जर्नल्स लेखकाकडून प्रकाशन शुल्क घेतात, आणि परदेशी प्रकाशकांचं शुल्क आपल्याकडच्या प्राध्यापकाच्या काही महिन्यांच्या पगाराइतकं असू शकतं. दोन्ही बाजूंना मोफत असणाऱ्या जर्नल्सना 'डायमंड' ओपन ॲक्सेस म्हणतात. त्यांचा खर्च विद्यापीठं, अकादमी, संस्था उचलतात. डीओएजेमध्ये 'शुल्क नाही' असा गाळणीचा पर्याय आहे, तो लावूनच शोध सुरू करा. नव्या माणसाने आधी डायमंड जर्नल्सच बघावीत, असं माझं मत आहे.

मोठे प्रकाशक कमी उत्पन्नाच्या देशांतल्या लेखकांना शुल्क माफ करतात, पण त्या सरसकट माफीत भारत सहसा बसत नाही. सवलत हवी असेल तर ती पेपर पाठवतानाच मागायची असते. स्वीकृतीचं पत्र आल्यावर मागितली तर बहुतेक ठिकाणी विचारच होत नाही. आणि खरं जर्नल रिव्ह्यूच्या आधी 'पैसे भरा, मग लगेच स्वीकारतो' असं कधीच म्हणत नाही.

४. लायसन्स नीट समजून घ्या

क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन्स छोट्या अक्षरांत लिहिलेली असतात, म्हणून लोक न वाचता टिचकी मारतात. 'सीसी बाय' म्हणजे श्रेय देऊन कोणीही, कशासाठीही वापरू शकतं. त्यापुढे 'एनसी' लागलं की व्यापारी वापराला मनाई. 'एसए' म्हणजे पुढे बनवलेली गोष्टही त्याच अटींवर द्यायची. आणि 'एनडी' म्हणजे बदललेलं रूप वाटता येणार नाही.

शेवटचं अक्षर आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे, कारण भाषांतर हेसुद्धा बदललेलं रूप मानलं जातं. इंग्रजीतला पेपर 'एनडी' खाली गेला, तर एखाद्या संस्थेला त्याचं मराठी भाषांतर करून गावात वाटता येणार नाही. कॉपीराइट तुमच्याकडे असेल तर तुम्ही स्वतः ते करू शकता. पण करारात तुम्ही सगळे हक्क प्रकाशकाला दिले असतील, तर स्वतःच्याच पेपरच्या भाषांतरासाठी तुम्हाला परवानगी मागावी लागेल. शक्य असेल तिथे 'सीसी बाय' आणि 'कॉपीराइट लेखकाकडे' हा मेळ शोधा.

पेपरमधले फोटो दुसऱ्या कोणी काढलेले असतील तर सहसा त्यांनाही हेच लायसन्स लागतं. कातळशिल्पांचा ड्रोनवरून काढलेला फोटो मित्राने दिला असेल, तर त्याला हे समजावून सांगा आणि लेखी होकार घ्या.

५. कागदपत्रं जमवा

पाठवायला बसण्याआधी हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा:

- मूळ पेपर, जर्नलच्या साच्यात
- वेगळं शीर्षक पान: सर्व लेखकांची नावं, संस्था, ईमेल
- संपादकांना पत्र, एका पानाच्या आत
- आकृत्या आणि फोटो, मूळ रिझोल्यूशनच्या वेगळ्या फाइलमध्ये
- आकडेवारीची फाइल
- परवानग्या आणि संमतीपत्रं
- निधी कोणाचा आणि हितसंबंध काय, याची निवेदनं
- समानता अहवाल, म्हणजे प्लेजरिझम तपासणीचा रिपोर्ट
- सर्व लेखकांचा ऑर्किड क्रमांक. हा संशोधकाचा ओळख क्रमांक सोळा अंकी असतो आणि फुकट मिळतो
- संदर्भसूची, झोटेरोसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लावलेली

परवानग्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या भागातले पेपर इथे अडतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे. तिथे किंवा कुठेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतल्या प्राण्यांवर, उदाहरणार्थ ऑलिव्ह रिडले कासवांवर किंवा प्रवाळांवर काम केलं असेल, तर वन विभागाच्या परवानगीचा क्रमांक पेपरमध्ये द्यावा लागतो. राखीव कांदळवनातून नमुने घेतले असतील तरी तेच. परदेशी सहलेखक असेल आणि नमुने देशाबाहेर जाणार असतील, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. ही कागदपत्रं काम झाल्यावर मागच्या तारखेने मिळत नाहीत.

मच्छीमारांच्या किंवा बागायतदारांच्या मुलाखती घेतल्या असतील तर नीतिमत्ता समितीची मान्यता आणि प्रत्येकाची संमती हवी. संमतीपत्र मराठीत करा, आणि वाचता न येणाऱ्याला मालवणीत, आगरीत, त्याच्या बोलीत समजावून सांगा. दुर्मीळ वनस्पतीची किंवा राखण नसलेल्या कातळशिल्पाची अचूक जागा छापू नका. संपादकांना स्वतंत्रपणे कळवा, पेपरात फक्त तालुका लिहा. सड्यावरून झाडं उपटून नेणारे लोकही पेपर वाचतात.

समानतेबद्दल: यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि संदर्भसूची व श्रेय दिलेली अवतरणं त्यातून वगळतात. जर्नलची मर्यादा याहून कडक असू शकते. टक्का कमी करण्यासाठी शब्द फिरवणारं सॉफ्टवेअर वापरू नका. त्यातून येणारी विचित्र इंग्रजी रिव्ह्यूअरच्या लगेच लक्षात येते.

मराठीत पेपर लिहिणाऱ्या भाषा-इतिहासाच्या मंडळींसाठी एक सूचना: युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर नुसती चिन्हांची रांगोळी दिसते.

६. लेखक कोण, हे लिहायच्या आधी ठरवा

वैद्यकीय जर्नल संपादकांच्या समितीने घालून दिलेल्या चार अटी आता इतर विषयांतही वापरल्या जातात. कामाची आखणी, आकडे किंवा विश्लेषण यांत खरा वाटा. मसुदा लिहिण्यात किंवा गंभीरपणे सुधारण्यात सहभाग. अंतिम रूपाला मान्यता. आणि पेपरमधल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी. चारही हव्यात. विभागप्रमुख आहेत म्हणून किंवा प्रयोगशाळा वापरायला दिली म्हणून नाव घालणं या अटींत बसत नाही. हे सरांना सांगणं अवघड जातं, मला माहीत आहे. सोपा मार्ग म्हणजे जर्नलचं धोरण छापून समोर ठेवायचं आणि म्हणायचं, "सर, प्रत्येकाचं योगदान लिहून द्यायला सांगितलंय, तुमचं काय लिहू?" बरीच जर्नल्स हे योगदान १४ ठरावीक भूमिकांमध्ये मागतात, त्यामुळे प्रश्न खोटा नसतो.

उलट, ज्या होडीवाल्या काकांनी दोन वर्षं भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून तुम्हाला खाडीत नेलं, त्यांचं नाव आभारात विसरू नका. त्यासाठी त्यांची परवानगी घ्या, आणि नाव ते जसं सांगतात तसंच लिहा.

चॅटजीपीटीसारखं साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. भाषा सुधारायला वापरलं असेल तर जर्नल सांगेल तिथे तसं नमूद करा, आणि त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाचा. अस्तित्वात नसलेले संदर्भ हे आता पेपर परत येण्याचं नेहमीचं कारण झालं आहे.

७. पाठवा

बरीच डायमंड जर्नल्स 'ओपन जर्नल सिस्टिम्स' या मोफत सॉफ्टवेअरवर चालतात. खातं काढा, 'ऑथर' भूमिका निवडा, पायऱ्यांप्रमाणे फाइल चढवा. रिव्ह्यू दुहेरी अज्ञात असेल, म्हणजे लेखक आणि रिव्ह्यूअर यांना एकमेकांची नावं कळत नसतील, तर मूळ फाइलमधून नावं काढा. आभार काढा, फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मधलं नाव पुसा, आणि पद्धतीच्या भागातलं "आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत" हे वाक्यही बदला. नमुन्यांचं ठिकाण मात्र काढायचं नसतं.

एक पेपर एका वेळी एकाच जर्नलला. दोन ठिकाणी पाठवलेलं कळलं तर दोन्हीकडून नकार येतो आणि संस्थेला पत्र जातं.

८. आत काय चालतं

प्रथम कार्यालयीन तपासणी: साचा, कागदपत्रं, समानता. मग संपादक विषय आणि दर्जा पाहतो. बरेच पेपर इथूनच परत येतात, आणि ते लवकर येतात ही चांगली गोष्ट आहे. त्यानंतर रिव्ह्यूअर शोधणं. याला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण रिव्ह्यूअर हे काम विनामोबदला करतात आणि अनेक जण नाही म्हणतात. अहवाल आल्यावर निर्णय: स्वीकार, किरकोळ सुधारणा, मोठी सुधारणा किंवा नकार. 'मोठी सुधारणा' हे पत्र आलं की मुलं खचतात. ती चांगली बातमी आहे. संपादकाला तो पेपर हवा आहे.

जर्नलने सांगितलेली मुदत उलटून गेल्यावरच विनम्र चौकशी करा, पेपर क्रमांक देऊन.

९. रिव्ह्यूअरना उत्तर द्या

प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा, त्याखाली उत्तर आणि पान-ओळ क्रमांक लिहा. समजा तुमचा पेपर भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांवर आहे आणि रिव्ह्यूअर लिहितो: "नमुने पावसाळ्यातले नाहीत, तरी निष्कर्ष वर्षभराला लावले आहेत." याला "पावसाळ्यात नमुने घेणं शक्य नव्हतं" एवढंच उत्तर पुरत नाही. असं लिहा:

"मुद्दा योग्य आहे. जून ते सप्टेंबर खाडीत उतरणं धोक्याचं असल्याने नमुने घेतले नाहीत. शीर्षकात 'ऑक्टोबर ते मे' घातलं आहे, निष्कर्षातलं 'वर्षभर' काढलं आहे (पान ९, ओळ २१४), आणि ही मर्यादा चर्चेत नोंदवली आहे (पान ११, ओळ २६०)."

संपादकाला तीन गोष्टी दिसतात: तुम्ही ऐकलंत, काय बदललंत, कुठे बदललंत. पटत नसेल तर पुराव्यानिशी तसं लिहा, त्याने पेपर नाकारला जात नाही. रिव्ह्यूअर स्वतःचेच असंबद्ध पेपर संदर्भात घालायला सांगत असेल तर ते घालू नका, आणि संपादकाला स्वतंत्रपणे कळवा.

नकार आला तर अहवालातल्या सुधारणा करूनच पुढच्या जर्नलकडे जा. आपल्या विषयातली माणसं थोडी आहेत, तोच रिव्ह्यूअर पुन्हा भेटण्याची शक्यता बरीच असते.

१०. प्रूफ आणि त्यानंतर

प्रूफ, म्हणजे प्रसिद्धीआधी तपासायला पाठवलेली जुळणी केलेली प्रत, सहसा दोन-तीन दिवसांत परत मागतात. गावांची आणि माशांची नावं एकेक अक्षर तपासा. दूर बसलेल्या जुळणीकाराला केळवे आणि केळशी यांतला फरक कळणार नाही. शास्त्रीय नावं तिरक्या अक्षरांत आहेत का, तक्त्यांतले आकडे सरकले नाहीत ना, संस्थेचं नाव पूर्ण आहे ना, हे सहलेखकालाही पाहायला लावा.

प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली तर संपादकाला स्वतःहून कळवा. दुरुस्ती स्वतंत्र नोंद म्हणून छापतात आणि मूळ पेपरला जोडतात. निष्कर्षच कोसळत असतील तर पेपर मागे घेतला जातो. प्रामाणिक चुकीसाठी स्वतः पेपर मागे घेणाऱ्या लेखकाकडे संपादक आदरानेच पाहतात.

आकडेवारी झेनोडोसारख्या मोफत भांडारात ठेवा. तिला वेगळा डीओआय मिळतो. आणि पेपरचा दोन पानी मराठी सारांश काढून मच्छीमार सोसायटीत, ग्रामपंचायतीत, कृषी सहायकाकडे द्या. छापील प्रतीच्या तळाशी डीओआय आणि लायसन्सची ओळ असू द्या, म्हणजे ज्याला मूळ पेपर बघायचा आहे त्याला तो मोबाइलवर उघडता येईल.